परड्यातलं अंडं

माझ्या घरमालकीण आक्का गेल्याचं मला त्यांच्या मुलाच्या, अण्णांच्या फोनवरून कळलं. परीक्षा संपली म्हणून मी चार दिवस सदलग्याजवळच्या आमच्या गावी गेले होते. अण्णा बेळगावात नोकरी करतात. आई काल पहाटे झोपेतच गेली, एवढंच ते म्हणाले आणि मग आक्कांच्या कुत्रीबद्दल विचारलं, "लवंगी कशालाच तोंड लावंना गं. काय घालत होती आई तिला?" मी मऊ भात, मूगडाळ, भोपळा असं सांगत गेले... पुढचं मला बोलवेना. रडू आलं होतं हे खरं, पण पुढचं सांगायची भीतीही वाटत होती. याला आता पाच आठवडे झाले. असं काही लिहायची मला सवय नाही, पण लिहावंसं वाटतंय.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. निपाणीत खोली शोधत आक्कांच्या दारात आले, तेव्हा त्यांनी आमचं खाणंपिणं कसं ते विचारलं. घर जैनांचं. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं, पण खोली हातची जाईल म्हणून मी चटकन सांगितलं, आम्ही माळकरी. त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या आणि घरामागच्या परड्याकडच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. तिथेच लवंगी पहिल्यांदा माझ्यावर भुंकली. अर्धी पामेरियन, अर्धी गल्लीतली, मांजराएवढा जीव आणि आवाज मात्र फटाक्याच्या माळेचा. आक्का दिवस मावळल्यावर जेवत नसत, त्यामुळे लवंगीचं जेवणही उजेडातच व्हायचं. पण त्या जेवणात लाडच जास्त. दूध-साखर-भात, चहाबरोबर बिस्किटं, सणाला पेढा. लवंगी गोल झाली होती आणि पाठीवरचे केस गळत होते. गेल्या भाद्रपदात पर्युषण पर्वाचे उपास सोडताना आक्कांनी तिलाही मूठभर मनुका दिल्या. मुक्या जिवालाही पारणं घडावं, हा त्यांचा भाव. दुपारपर्यंत लवंगी ओकून ओकून निपचित पडली.

रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसलेल्या आक्का सारखं एकच म्हणत होत्या, "माझ्या हातानं झालं गं हे." जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तीन दिवस रोज आणायला सांगितलं. मनुका कुत्र्याला विषासारख्या, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. लवंगी सावरल्यावर त्यांनी आक्कांना समोर बसवलं. गोड बंद, बिस्किटं बंद, मीठ नको, दोन वेळा मोजकंच द्यायचं. कांदा-लसूण घालता का, असं विचारल्यावर आक्का म्हणाल्या, "आमच्यात न्हायच ते." डॉक्टर हसून म्हणाले, मग एक काळजी मिटली. पुढे त्यांनी हळूच सांगितलं, अंगात ताकद नाही, दिवसाआड एक उकडलेलं अंडं मिळालं तर लवकर सुधारेल. 

घरी येऊन त्या पायरीवर बसल्या. मी बराच वेळ घुटमळले. शेवटी म्हणाले, "आक्का, अंडं मी उकडीन. मी... आम्ही माळकरी न्हाय." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "ठावं हाय. पयल्या दिवशीच कळलंतं. गळ्यात माळ कुठं हाय तुझ्या?" मग खोली का दिली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याच म्हणाल्या, "शिकायला आलती न्हवं तू."

दुसऱ्या दिवसापासून परड्यात धुण्याच्या दगडापलीकडे माझी छोटी शेगडी आणि एक पातेलं आलं. ते घरात न्यायचं नाही, एवढीच अट. मी अंडं सोलायला बसले की आक्का उंबऱ्यात खुर्ची ओढून आमच्याकडे पाठ करून बसत. आपलं व्रत त्यांनी मोडलं नाही आणि लवंगीचा घासही अडवला नाही. थोड्या वेळाने विचारत, "खाल्लं का गं तिनं?" खाल्लं म्हटलं की उठून दिवाबत्तीला जात. दिवाळीपर्यंत लवंगीच्या पाठीवर नवे केस आले. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हात फिरवून दाखवत आणि वर म्हणत, माझ्यापेक्षा डॉक्टरीणबाईचं ऐकती ही. डॉक्टरीणबाई म्हणजे मी.

फोन आला त्याच दिवशी मी निपाणीला परतले. लवंगी आक्कांच्या खुर्चीखाली पडून होती, समोर पेढा तसाच. अण्णा आईसारखेच नेमाचे. पातेल्याचं त्यांना कळलं तर लवंगी आणि मी, दोघींचाही त्या घरातला आसरा जाईल असं वाटत होतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवशीच्या माळेपासून.  अण्णा बाहेर बघून म्हणाले, "दिवस मावळायला आलाय. आटप लवकर."

मी शेगडी पेटवून अंडं उकडलं आणि सोलायला बसले. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लवंगीने मान वर केली आणि उठून माझ्याजवळ आली. तिने पहिला घास घेतला तेव्हा मी वळून पाहिलं. अण्णा उंबऱ्यात आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"खाल्लं का गं तिनं?"