सुवारोग म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं?

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. वीस वर्षं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होते... जे मोजता येतं तेवढंच खरं, ही सवय. तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून जीव कासावीस झालाय.

नोकरी सुटल्यावर मी मोडी शिकले. दाखल्यांसाठी लोकांना गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या वाचून हव्या असतात. पानांचे फोटो मोबाईलवर येतात आणि दिघीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवायच्या टेबलावर बसून मी ते वाचते. मृत्यूच्या कारणांचे जुने शब्द लावायला मला आवडतं. पटकी म्हणजे कॉलरा, घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, हे आता पाठ झालंय.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी पल्लवी बाळंतपणाला आली होती, बाळ सहा दिवसांचं. सकाळपासून ती कुडकुडत होती.

"आई, बरं नाही वाटत गं..."

"दूध उतरतंय. येतोच ताप, मलाही आला होता. पड गुपचूप," मी म्हणाले. गोधडी घातली, ओव्याची धुरी दिली. जावई चाकणला फर्स्ट शिफ्टला गेलेले.

आणि मी कामाला बसले! पानं भोसरी गावठाणातल्या दत्ताभाऊंची. त्यांच्या पणजीची नोंद सापडली - वय एकोणीस, कारण 'सुवारोग'. अक्षर स्वच्छ लागलं, पण अर्थ माहीत नव्हता. आठ दिवस आधीच्या पानावर तिच्याच मुलाचा जन्म नोंदलेला. घरातल्या कुणाला ठाऊक असेल म्हणून मी दत्ताभाऊंना फोन लावला. साडेअकरा वाजले होते. एका म्हातारीने उचलला.

"दत्ता न्हाई. मी त्याची आई हाय. बोल की."

"आक्का, सुवारोग म्हणजे काय हो?"

"बाळंतिणीचा ताप, बाई. माझी आजेसासू गेली त्यात. थंडी वाजाय लागली, समद्या म्हनल्या दूध उतारतंय. निजवून ठिवली. माझा सासरा आठ दिसांचा व्हता तवा."

मी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तुझ्या लेकीच्या अंगावरून जातंय त्याला वास मारतोय का, बघ जा. अगं बघ आधी! फोन काय धरून बसलीस?"

पल्लवीबद्दल मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. आईशप्पथ सांगते, एक अक्षरही नाही.

वास येत होता. पोटाला हात लावला तर पोरगी किंचाळली. रिक्षात एका हातात बाळ, खांद्यावर तापाने फणफणलेली लेक... भोसरीचा तो सिग्नल काही सुटेना, मी रिक्षावाल्यावर नुसती ओरडत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयात इन्फेक्शन आहे, रक्तात पसरतंय. दूध उतरण्याचा ताप असा नसतो, ताई. संध्याकाळपर्यंत घरी ठेवली असती तर काही सांगता आलं नसतं."

चार दिवस ती आयसीयूत होती. मी बाहेरच्या बाकावर. बसवेना, उठवेना. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. पाचव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं, तेव्हा आभार मानायला दत्ताभाऊंना फोन केला.

"ताई, थट्टा करताय का राव?" ते चिडलेच. "आक्काला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. वाचा गेलीये तिची."

त्या दिवशी ते आणि वहिनी एका दहाव्याला गेले होते, फोन आक्कांच्या उशाशी चार्जिंगलाच राहिला होता. अधूनमधून डोकावणाऱ्या शेजारणीलाही मी गाठलं. तिने फोनला हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या मोबाईलवर कॉल दिसतो - चार मिनिटं.

मी पेढे घेऊन भोसरीला गेले. आक्का खाटेवर होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी पाया पडले, कानाशी वाकून विचारलं, "आक्का, तुम्हीच होता ना?"

त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. मला हुंदकाच फुटला.

वहिनींनी पदराने तो डोळा पुसला. "त्या डोळ्यातून कायमच पाणी येतं हो त्यांच्या," त्या म्हणाल्या.

आजतागायत मला याचा उलगडा झालेला नाही. आत्ता हे लिहिताना आतल्या खोलीतून पल्लवी ओरडतेय, "आई, बाळाला धर गं जरा!" जाते.