डिंगोऱ्याच्या पाहुण्यांची उलटतपासणी

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि गुपचूप घरी जा.

टीव्हीवरची ती गुन्ह्यांची मालिका मी एक भाग चुकवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तिच्यातला इन्स्पेक्टर कुणावर हात उगारत नाही. संशयितापुढं चहा ठेवतो आणि गप्प बसतो. नुसता बघतो! पाच मिनिटांत समोरचा घडाघडा बोलायला लागतो. जो आधी बोलला तो हरला, एवढाच नियम. मला तर पहिली जाहिरात लागायच्या आत खुनी कळतो. खोटं वाटत असेल तर आमच्या हिला विचारा. नको, तिला नका विचारू.

तर माझ्या भाचीला, अश्विनीला, डिंगोरे गावचं स्थळ आलं. मुलगा 'पुण्यात कंपनीत'. आता आपल्याकडं कंपनीत म्हणजे काय हो? साहेबही कंपनीत आणि गेटवरचा वॉचमनही कंपनीतच! मुलाचे चुलते आधी एकटेच घर बघायला बोरीला, माझ्या बहिणीकडं, येणार होते. बहिणीनं मला नारायणगावहून मुद्दाम बोलावून घेतलं.

"दादा, पोरगा नक्की काय करतो तेवढं काढून घे. यकुलती यक पोर हाय माझी."

"तू फक्त चहा ठेव," मी म्हणालो. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

पाहुणे आले. पांढरी टोपी, झुपकेदार मिशा. "या पावणं, बसा," म्हणालो, तर त्यांनी नुसते हात जोडले. प्रवास कसा झाला विचारलं, तर नुसती मान हलवली.

मी मनात म्हणालो, गडी तयारीचा दिसतोय!

चहा आला. मी गप्प. तेही गप्प. मी डोळ्यांत डोळे घातले. त्यांनीही घातले. चहावर साय धरली, पण पठ्ठ्यानं कपाला हात लावला नाही. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, नजर सारखी खिडकीकडं जायला लागली. म्हटलं, आता फुटणार! पण फुटतोय कुठला?

दहा मिनिटं झाली, राव! मलाच घाम फुटला. हा माणूस काहीच का विचारत नाही? म्हणजे याला सगळं आधीच कळलेलं असणार!

"तुमाला भाकरीचं कळलंय ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी भुवया उंचावल्या. संपलं!

"न्हाई जमत तिला भाकरी! आणि आधीच्या दोन स्थळांना तिनंच नकार दिला. ट्रॅक्टर झकास चालवती, पण यकदा शेजाऱ्याच्या गोठ्यात घातला. मी सोता दहावी दोनदा नापास हाय. आणि तुमी बसलाय तो सोफासुद्धा शेजारच्यांचा हाय!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पाहुणे ताडकन उठले आणि दारातून बाहेर पळाले. गेलं स्थळ! बहीण कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली. त्या क्षणी मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं पाहुणे तोंड पुसत परत आले.

"माफ करा पावणं. वाटंत तंबाखूचा बार भरला व्हता. हितं समदी नवी फरशी, थुकू कुठं? म्हणून दम धरून बसलो व्हतो. पण तुमी लई मोकळ्या मनाचं, राव! सोयऱ्याच्या घरात एवढं खरं कोण बोलतंय?"

स्थळ पसंत! माझ्यामुळंच म्हणा ना. आणि मुलगा काय करतो? ते अश्विनीनं त्याला फोनवर सरळ विचारलं. मशिनी दुरुस्त करतो, म्हणाला. कामाला पक्का आणि बोलायला सरळ. दोन मिनिटांत निकाल! भाची कुणाची आहे?

पुढं लग्नाची यादी करायला दोन्हीकडची माणसं बसली. मानपान ठरलं, जेवण ठरलं. शेवटी डिंगोऱ्याच्या चुलत्यांनी सगळ्यांदेखत एक कलम वाढवायला लावलं. ते अजून त्या कागदावर आहे, खाली माझी सही आहे:

'मुलीच्या मामांसमोर कोणीही गप्प बसू नये.'