शिरोडकर काकांचे चोवीस सेकंद

मॅच संपली की मी आकडे टाइप करून लीगच्या ग्रुपवर टाकते आणि मोकळी होते. कुणाचे पॉइंट किती, रिबाउंड किती, फाउल किती. किस्स्यांचं तसं नाही. त्यांना माझ्या शीटमध्ये रकानाच नाही, त्यामुळे ते डोक्यात साठत राहतात. घरी सांगायला जावं तर नवरा विचारतो, "तुमच्याकडे कुणी खेळतं का गं, की सगळे टेबलावर येऊन भांडतात?" दोन्ही होतं!

आमची बास्केटबॉलची लीग छोटीच. भोईवाडा, लालबाग, दादर, ठाकूरद्वार अशा टीम. कोर्ट सिमेंटचं, एका अंगाला चाळ आणि दुसऱ्या अंगाला टॉवरचं पार्किंग. आठवडाभर मी इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासते आणि रविवारी स्कोअररच्या टेबलावर बसते. तिथे मी सगळ्यांची ताई.

*

लालबागच्या एका खेळाडूची आई एकदा पेढे घेऊन टेबलापाशी आली. मी विचारलं, "कसले हो काकू?"

"ग्रुपवर टाकलंत ना तुम्ही? सगळ्या टीममध्ये याचेच जास्त. पाच!"

मी शीट बघितली. पाच फाउल. पेढा हातात होता, तरी खरं सांगणं भाग होतं. "काकू, पाच फाउल झाले की बाहेर बसवतात."

"मग बसवणारच हो! दमला असेल एवढे केल्यावर."

मी पेढा खाल्ला.

*

आता आमचे शिरोडकर काका. टीमच्या हातात बॉल आला की चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे मारावा लागतो, नाहीतर बॉल समोरच्यांना जातो. ते सेकंद दाखवणारं आमचं इलेक्ट्रिक घड्याळ गणपतीच्या मंडपाचा बांबू लागून बंद पडलं. दुरुस्त करायचं दरवर्षी ठरतं. तोपर्यंत काका माझ्याच टेबलाशी बसून, हातात स्टॉपवॉच धरून शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजतात. "दहा! नऊ! आठ!" आवाज असा की चाळीतले लोक गॅलरीत येतात.

काकांचा मुलगा नितीन दादरकडून खेळायचा. सेमीफायनलला त्याने हात वर नेला आणि काका ओरडले, "संपलो टाइम!" बॉल आत पडला, पण बास्केट धरलं गेलं नाही आणि दादर एका पॉइंटने हरलं.

घरी नितीन म्हणाला, "बाबा, एक सेकंद थांबला असतात तर?"

काका म्हणाले, "सेकंद काय माझ्या बापाशीचे आसत?"

त्यानंतर बरेच दिवस काकी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढत होत्या.

*

ठाकूरद्वारचा कॅप्टन मकरंद हा माझ्या डोक्याला कायमचा ताप. मॅच चालू असताना धावत धावत टेबलापाशी येणार. "ताई, तो रिबाउंड माझा होता!" "ताई, ते बोट माझं लागलं, ब्लॉक माझा लिही!" एकदा तर तो न खेळलेल्या क्वार्टरमधला पासही स्वतःचा म्हणून सांगत होता.

काकांनाही त्याने सोडलं नाही. एका मॅचमध्ये मोजता मोजता काका शिंकले. झालं! मकरंदने खेळ थांबवला. "काका चार आणि तीनच्या मध्ये शिंकले! तेवढा टाइम समोरच्या टीमला फुकट मिळाला!" रेफरीने डोक्याला हात लावला. पुढच्या रविवारी काका सर्दीची गोळी घेऊनच आले.

*

भोईवाड्याच्या संदेशची तऱ्हा उलटी. बॉल हातात आला की याला आधी दुसरा कोण मोकळा आहे ते दिसतं. स्वतः न मारता दुसऱ्याला असा पास द्यायचा की त्याने बास्केट केलंच पाहिजे, त्याला असिस्ट म्हणतात. लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट संदेशचे आणि पॉइंट जवळपास नाहीतच. मॅचनंतर टपरीवर चहा आला तरी हा ग्लास पुढे देत राहतो आणि स्वतः शेवटी गार पितो.

यंदा एका कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी निघाली. संदेश कुरिअरमध्ये कंत्राटावर. वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटची संधी, हे सगळ्या लीगला माहीत होतं. निवड करणारे साहेब फायनल बघायला आले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्यापुढे असिस्टचे आकडे सरकवले.

साहेब म्हणाले, "मॅडम, पॉइंट दाखवा. असिस्टचं काय लोणचं घालायचंय?"

मला राग आला. पण बोलून संदेशचंच नुकसान झालं असतं, म्हणून पॉइंटचं पान त्यांच्यापुढे केलं.

*

फायनल भोईवाडा आणि ठाकूरद्वारची. भोईवाड्याच्या पोरांनी संदेशला बजावून ठेवलं होतं, "आज पास दिलास तर बघ!" तरी तो देतच होता. सवय! मॅच संपत आली, ठाकूरद्वार बरंच पुढे होतं आणि संदेशच्या नावापुढे पॉइंट नव्हताच. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

शेवटच्या खेपेला बॉल संदेशकडे आला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्याच्या टीमचे चौघेही हात मागे बांधून उभे! शाळेत शिक्षा झाल्यासारखे. पास द्यायचा कुणाला?

समोर मकरंद. संदेश बॉल आपटत नुसता उभा.

"सहा! पाच! चार!" काका ओरडले.

आणि काकांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. मॅच चालू असताना पाणी पिताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. झाकण फिरवून त्यांनी शांतपणे बाटली तोंडाला लावली.

मकरंदने मान वळवून टेबलाकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता हा खेळ थांबवणार, संपलं संदेशचं!

मकरंद म्हणाला, "काका, सावकाश प्या. ठसका लागेल."

संदेशने बॉल मारला. रिंगवर एक गिरकी घेऊन तो आत पडला.

काकांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तीन!"

मी संदेशच्या नावापुढे दोन पॉइंट लिहिले. साहेब बराच वेळ कोर्टाकडे बघत होते. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हा असिस्ट कुणाचा लिहिणार?"

तेवढ्यात मकरंद नेहमीसारखा धावत टेबलापाशी आला.

"ताई, माझा नाही हं!"