उजवीकडून पुसत गेलेली संख्या

दुपारचं जेवण होऊन शरयूताई आडव्या होतात. पंख्याची घरघर लांब जाते, सूनबाई भांडी लावतेय तो आवाज विरत जातो, आणि त्या मिरजेच्या शाळेत, नववीच्या वर्गात उभ्या असतात. फळ्यापाशी कुंभोजकर सर. त्यांचे यजमान. जाऊन वर्ष होत आलं, पण अंगात इस्त्रीचा सदरा आहे आणि चेहऱ्यावर ओळखीचं हसू. शेवटी शेवटी ते दिसेनासंच झालं होतं.

सर गणित शिकवायचे. आजारात एकेक विसरत गेले. आधी विद्यार्थ्यांची नावं, मग घराची गल्ली, मग पोटचा मुलगा. कोणी भेटायला आलं की मात्र एकच धोशा, "सात, तीन, नऊ, तीन, नऊ..." शरयूताईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पुरे हो आता," म्हणत त्या पाहुण्यांपुढे चहा सरकवायच्या. सर गेल्यावर घरी भेटायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं, ती बडबड नव्हती. खरीखुरी संख्या होती.

फळ्यावर तीच आहे. ७३९३९१३३.

"मूळ संख्या आहे," सर म्हणतात. "एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. आता गंमत बघ." तळव्यानं ते शेवटचा तीन पुसतात. "उरली तीही मूळच." आणखी एक आकडा पुसतात. "हीसुद्धा. उजवीकडून पुसत जा, उरेल ती फुटत नाही. असली याहून मोठी संख्या नाही, शरयू."

बाकं आता एसटी स्टँडवरची आहेत, फळा गाड्यांच्या वेळांचा. सर पुसतच आहेत.

"अहो, मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगतच होतो की."

"आणि मी तुम्हाला गप्प करत होते."

"पाहुणे असायचे ना," सर समजुतीनं म्हणतात. ते त्यांना जास्तच लागतं.

फिनेलचा वास येतो. स्टँडवर दवाखान्याची कॉट आहे, सर तिच्या कडेला बसलेत. फळ्यावर उरलेत फक्त ७३.

"शेवटी मी कोण, ते कळत होतं का हो तुम्हाला?"

सर तळव्याला लागलेला खडू झटकतात. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "आठवत नाही गं."

मग ते तीन पुसतात. शरयूताईंचा हात ओढून घेतात आणि तळव्यावर नखानं सात गिरवू लागतात. पुन्हा पुन्हा, वर्गातल्या सवयीनं.

"दुखतंय हो."

"दुखू दे. पण आता मधे बोलू नकोस."

"नाही बोलत. सांगा तुम्ही."

सर तोंड उघडतात.

"आई, उठताय ना? हातपाय धुऊन घ्या, देवळात जायचंय."

उन्हं कलली आहेत. शरयूताईंच्या उजव्या तळव्यावर लालसर वळ आहे, जरासा वाकडा ७. स्वतःची नखं तर त्यांनी सकाळीच पार मुळापासून कापली होती.

"तू जाऊन ये," त्या सुनेला सांगतात. "मला आज हाताला पाणी लावायचं नाही."