जाड्या वर्षभर शिडीवर उभा होता

वासूला शेवटची दीड वर्षं दिसत नव्हतं, हे मला त्याच्या तेरवीला कळलं.

आणि त्या दीड वर्षात दर रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं मिळून सिनेमा पाहत होतो.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

वासू माझा शाळेपासूनचा दोस्त. एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाला आणि नरखेडकडे गावी गेला, मुलाच्या संत्र्याच्या बागेत.
मी इथंच शहरात, महाल भागात. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद केलं. आता घरात मी आणि टीव्ही.

आमचा शौक एकच. बोलपट नवीन नवीन निघाले तेव्हाच्या त्या छोट्या इंग्रजी कॉमेडी फिल्मा. वीस मिनिटांच्या, ब्लॅक अँड व्हाइट. एक जाड्या, एक बारक्या.

लहानपणी थेटरात मेन पिक्चरच्या आधी दाखवायचे. इंग्रजी आम्हा दोघांनाही येत नव्हतं. गरजही पडली नाही.
शिडी आहे, बादली आहे, आणि जाड्याला स्वतःच्या हुशारीवर भरवसा आहे. पुढचं माझ्यासारख्या सातवी शिकलेल्यालाही कळतं.

लोक विचारतात, त्या पडापडीत एवढं काय आहे?

एकटा माणूस पडला तर आपण घाबरतो. दोघांतला एक पडला तर हसतो. कारण उचलणारा तिथंच उभा असतो.
उचलता उचलता तो पुन्हा पाडतो, ते वेगळं.

आणखी एक गोष्ट मला पाहून पाहून समजली. पडल्यावर ते दोघं थोडा वेळ काहीच करत नाहीत. जाड्या नुसता आपल्याकडे पाहत बसतो.
थेटरात लोक इतके हसायचे की पुढचं वाक्य बुडून जायचं. म्हणून हसण्यासाठी जागा सोडलेली असायची.

भरल्या थेटरात ती जागा कळतसुद्धा नाही.
घरात एकटं पाहा. फार मोठी वाटते.

म्हणून फोन. मी टीव्हीवर फिल्म लावायचो, वासू सुनेच्या मोबाइलवर. त्याचा साधा फोन कानाला, माझा स्पीकरवर.
"एक, दोन, तीन. दाबलं का बे?"
"दाबलं."

पुढे पुढे त्याचं हसणं उशिरा यायला लागलं. माझं हसून संपलं की मग त्याचं सुरू.
मी चिडायचो. "काहून गा, झोपून राहिला का? नेट बदल तुयं."
"गावचं नेट आहे बाळ्या. बैलगाडीनं येते."

आणि मग विचारायचा, "कसा पडला? सांग ना."
एकदा मी बोलून गेलो, "तुले दिसत नाही का बे?"
तो म्हणाला, "दिसते ना. पण तू सांगतं तवा जास्त पडते तो."

मी आपला सांगत बसायचो. बादली कुठं गेली, टोपी कुठं गेली, बारक्यानं तोंड कसं केलं.

शेवटच्या रविवारी घराला चुना मारायची फिल्म होती. जाड्यानं बारक्याच्या हातातून बादली हिसकावली, स्वतः शिडीवर चढला, आणि तिकडे सुनेनं वासूला जेवायला हाक मारली.
"थांबव. पुढच्या रविवारी पाडू त्याले. माझ्याबिगर पाहशील तर याद राख."
मी थांबवलं.

शनिवारी वासू गेला.

तेरवीला शेजाऱ्याच्या गाडीनं गेलो. सून चहा घेऊन आली. मी तिला सहज म्हटलं, "मोबाइलवरची ती फिल्म अर्धीच राहिली पोरी."
ती खाली बसली.
"काकाजी, मोबाइलवर आम्ही काहीच लावत नव्हतो. बाबाले काचबिंदू झाला होता. दीड वर्षापासून काहीच दिसत नव्हतं त्याइले. फोनमधून तुमच्या टीव्हीचा आवाज ऐकत, अन् तुम्ही हासले का हासत."

मी कप खाली ठेवला.
"मले काहून नाही सांगितलं?"
"बाबाच नाही म्हणे. बाळूले समजलं का तो रविवारचा फोन बंद करते. अन् त्या घरात त्याच्यासंगं हासाले दुसरं कोण आहे?"

मला वाटायचं, गावात वासू एकटा पडला असेल म्हणून मी फोन करतो.

त्यानंतर वर्षभर ती फिल्म लावली नाही. जाड्या शिडीवर उभा. मी पोळी लाटताना, दाढी करताना मधूनच आठवायचा. कधी वाटायचं, पाहून टाकावी. पण त्यानं बजावलं होतं.
आणि खरं सांगू, भीती त्या मधल्या जागेची होती.

आज रविवारच आला.
दहाला टीव्ही लावला. एक, दोन, तीन मोठ्यानं म्हटलं.
आणि टीव्हीकडे पाठ करून बसलो. डोळे मिटले. वासू पाहायचा तशी पाहिली.

आधी शिडी करकरली. मग धाड. मग काच. मग बादली गडगडत कुठंतरी लांब गेली, आणि सगळ्यात शेवटी तिची कडी वाजली.

मग ती जागा आली.
घरात पंख्याचा आवाज.

मला हसू आलं. उशिरा आलं, पण आलं.

मग डोळे उघडून फिल्म मागे घेतली आणि नीट पाहिली, कारण तुला सांगायचं होतं.

वासू, आज सगळे लिहितात तसे श्रद्धांजलीचे चार शब्द मलाही लिहिता आले असते. त्याऐवजी हे घे.

जाड्या पडला गा. खिडकीतून सरळ आत, घरमालकाच्या ताटात. चुना मिशीला. बारक्या अजून खाली शिडी धरूनच उभा आहे, त्याला पत्ताच नाही.

पुढचं सांगतो. जरा थांबतो आधी.
तुझं हसणं उशिरा येते ना.