सिस्टरांची पोकळ गिटार

"हात धुतले का?"

सिस्टरांच्या घरात आलेल्याला आधी हा प्रश्न, मग पाणी. घामानं गिटारीच्या तारा गंजतात, हे त्याचं कारण. हट्टा गावच्या सरकारी दवाखान्यात नोकरीभर लेकरांना सुया टोचून त्या निवृत्त झाल्या आणि नरसीच्या रस्त्याला आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारी राहायला आल्या. नर्सिंगच्या होस्टेलात असताना त्या मैत्रिणीच्या गिटारीवर थोडंफार शिकल्या होत्या. तेव्हापासून मनात राहिलेली, आतून पोकळ असलेली इलेक्ट्रिक गिटार त्यांनी आता मागवली.

खोकं उघडलं तेव्हा मी हजर होतो. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती घोडी सुटी, कागदात गुंडाळलेली निघाली. कॉलनीच्या अध्यक्षांनी माल फुटका असल्याचं ताबडतोब जाहीर केलं. असे अध्यक्ष तुमच्याही कॉलनीत असतीलच. मी परत पाठवायची मुदत वाचून दाखवली. सुतार आला, त्यानं घोडी ठोकून बसवायला थेट पिशवीतून स्क्रू काढले.

"टाके घालायचे न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. "ती तारांच्या दाबानंच बसते. पत्रकात लिवलंय."

पत्रक आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं. मत द्यायला त्याची अडचण आली नाही.

तरी पुढं सिस्टरांनीच घोळ केला. स्वच्छ पुसायची म्हणून सगळ्या तारा एकदम उतरवल्या आणि घोडी घरंगळत सोफ्याखाली गेली. "पेशंट टेबलावरून पडला भाऊ," असं सांगत त्या माझ्या दारात आल्या. मग मी मोजपट्टी धरायची, त्यांनी घोडी केसभर सरकवायची. मोकळी तार आणि तीच तार बरोबर मध्यावर दाबून, दोन्ही सूर जुळेपर्यंत हेच. "तुमी आकडा सांगा, कान माजा," अशी वाटणी होती. माझा आकडा बरोबर आला तरी त्यांचा कान कधी पहिल्या फेरीत मान्य करत नसे.

उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून सिस्टर गिटारीच्या पेटीत ओल्या फडक्याची घडी ठेवत. अध्यक्षांनी पाण्याच्या उधळपट्टीचा विषय बैठकीत घेतला. ठराव एकमतानं झाला. त्या वेळी बाहेर अध्यक्षांची गाडी धुतली जात होती.

सिस्टरांचा मुलगा पुण्याला. आईनं घर बंद करून तिकडं यावं, असा त्याचा हट्ट. फोनवर म्हणे, "आई, या वयात गिटार? लोक हसतात." शेवटी सिस्टरांनीच अट घातली.

"गणपतीत समद्यांसमोर वाजवते. लोक हसले तर बॅग भरते. न्हाई हसले तर पुन्यांदा इचारायचं न्हाई."

त्या संध्याकाळी मुलगा पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. सिस्टरांनी तारेला बोट लावलं आणि मंडपवाल्याच्या भल्यामोठ्या स्पीकरमधून असा भोंगा उठला की पलीकडची कुत्री ओरडायला लागली. मंडप हसला. सर्वांत आधी अध्यक्ष.

सिस्टरांनी बटण बंद केलं. मुलाला म्हणाल्या, "कपाटातलं गॉज आन." तो गेला, घेऊन आला. गिटारीच्या पोटावर लांबट दोन भोकं असतात, त्यांतून स्पीकरचा आवाज आत शिरून घुमतो. सिस्टरांनी दोन्ही भोकांत गॉज भरलं, कडा आत दुमडल्या, जखम बांधावी तसं. कोणीतरी खिदळलं.

"गप बसा. ड्रेसिंग चालू हाय."

मग एका जुन्या अभंगाची चाल वाजवली. दोन ठिकाणी चुकल्या, परत मागून घेतली. पण मंडपात फक्त गिटार ऐकू येत होती.

टाळ्या चालू असतानाच मुलगा हळूच म्हणाला, "काका, लोक हसले तर होते. धरायचं का?"

"वाजवायच्या आधीचं हसणं धरत नाहीत," मी म्हणालो. असा नियम कुठंही नाही. तो खुर्चीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाला तो एकटाच.

त्यानंतर सिस्टर शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात मुलगा घर रिकामं करायला आला. पलंग, फ्रिज, भांडी ज्याला हवी त्याला देऊन टाकली. गिटार मात्र स्वतः उचलली. मागच्या सीटवर आडवी निजवली, मानेखाली उशी दिली, सीटबेल्ट लावला. सुनेनं शेजारी बसून वर हात ठेवला. अत्यवस्थ माणसाला नांदेडला हलवतात तशी ती गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून त्यानं ती इतकी सावकाश काढली, की मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून थकला.