उतरलेला काळा रंग

परवा मलकापूरजवळ मेंढ्यांचा एक कळप हमरस्ता ओलांडत होता, म्हणून आमची गाडी थांबली. उघड्या काचेतून लोकरीचा तो उबदार, किंचित तुपकट वास आत आला. बरोबरची मंडळी मोबाइलवर फोटो काढू लागली. माझी नजर मात्र सवयीनं मेंढ्यांच्या पाठींवर गेली. लोकर काळीभोर होती, कुरळी होती. बरं वाटलं. मेंढीकडे असं पाहायला मला एका मेंढपाळ बाईनं शिकवलं.

पशुवैद्य म्हणून माझी पहिली नेमणूक बीबी या गावाजवळच्या एका खेड्यात होती. तुरी फुलायला लागल्या होत्या, तेव्हा ती मेंढपाळ बाई दवाखान्यात आली. साठीची, उन्हानं रापलेली, काखेत पंधरा दिवसांचं कोकरू. तिनं ते खाली ठेवलं. चार पावलं ते नीट चाललं, मग त्याचा मागचा भाग डुलत डुलत कोसळला. डोळे स्वच्छ, ताप नाही, दूधही ओढत होतं. मला सांध्यांचा संसर्ग वाटला. इंजेक्शन दिलं, पाच दिवसांचं औषध बांधून दिलं आणि मी निर्धास्त झाले.

आठवड्यानं ती रिकाम्या हातांनी आली. कोकरू गेलं होतं. आणखी तीन कोकरं मागचे पाय ओढू लागली होती. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली. ती एवढंच म्हणाली, "बाई, वाड्यावर चाल. इथं बसून नाही समजत."

वाडा म्हणजे मेंढपाळांचा उघड्यावरचा मुक्काम; काळ्या रानात तिच्या मेंढ्या बसल्या होत्या. मी कोकरांचे पाय चाचपू लागले, तशी तिनं एका मेंढीला जवळ ओढलं.

"तू पिलायलेच पाहून राह्यली. त्याइच्या मायले पाह्य नं. काळ्याभोर होत्या ह्या. अशा भुऱ्या काऊन झाल्या?"

मी लोकर बोटांत धरली. काळा रंग विटून तांबूस झाला होता, कुरळेपणा जाऊन केस सरळ, ताठ झाले होते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं एक पान डोळ्यांपुढे उघडलं: गाभण मेंढीच्या अंगात तांबं कमी पडलं, तर तिच्या लोकरीचा रंग उतरतो आणि पोटातल्या पिलाच्या मज्जारज्जूची वाढ अधू राहते. रक्ताचे नमुने तपासायला पाठवले. निदान खरं ठरलं. मेंढ्यांना तांबं द्यावं लागेल, असं मी तिला सांगितलं.

"मंग दुप्पट दे तांबं," ती म्हणाली. "लवकर काळ्या होतीन."

"नाही मावशी. मेंढीला तांबं जास्त झालं तर तेच विष होतं. वजन करून, मोजूनच द्यावं लागेल."

मी एकदा चुकले होते, तरी ती म्हणाली, "हाव. मंग मोजून दे."

त्या तीन कोकरांना मी बरं करू शकणार नव्हते. हेही तिला सांगितलं. दोन गेली. तिसरं डुलत डुलत जगलं. मुक्काम हलला की ती त्याला खांद्यावर घेई.

पुढच्या हंगामात मेंढ्या गाभण असतानाच मी मोजून मात्रा दिल्या. त्या व्यायल्याचं कळताच न बोलावता वाड्यावर गेले. लोकर पुन्हा काळी झाली होती. तिनं एक नुकतंच उभं राहिलेलं कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं. "पाय पाह्य," म्हणाली. मी पाहण्याआधीच त्यानं मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ झाडली की माझा चष्मा उडाला. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि मला रडू आलं.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. तिच्या मुक्कामाच्या जागी आता सोयाबीन असतं. ती कुठं असेल, ठाऊक नाही. माझं औषध लागू पडलं नाही, तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडे सहज जाऊ शकली असती. ती माझ्याकडेच परत आली, आणि मला हाताला धरून जनावरापाशी घेऊन गेली. आजही माझ्या हातून एखादं जनावर वाचत नाही, तेव्हा त्याच्या मालकाच्या दारात पुन्हा जायला पाय जड होतात. तरी मी जाते, आणि आधी विचारते, "तुम्हाला काय दिसलं?"